ओंडक्यानं दिलेलं उत्तर

त्या दिवशी सकाळपासून सुटलेला वारा दुपारी एकाएकी पडला. आठवडाभर गावात म्हाताऱ्या उडत होत्या. सावरीच्या बोंडांतून सुटणाऱ्या त्या कापसाच्या म्हाताऱ्या दारात, पाण्याच्या हंड्यात, लोकांच्या मिशांत, सगळीकडे जाऊन बसत. वारा पडला तशा त्या जिथल्या तिथे खाली बसल्या आणि रस्त्यावर कुणी पातळ दुलई अंथरावी तसं दिसायला लागलं. उकाडा असा की कुत्रीसुद्धा भुंकायचा आळस करत होती. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

गादीवाला माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. मी रोज रात्री जिच्यावर डोकं टेकतो ती उशी त्याच्याच हातची आहे. त्यानं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही. दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतो. आणि मधे कुणी बोलू नका.

गावाच्या एका अंगाला जंगल. त्या जंगलात, आत चालत गेलं की, सावरीचं एक झाड होतं. त्याला सगळे थोरली म्हणत. बाकीच्या झाडांचे शेंडे जिथे संपत, तिथे थोरलीची पहिली फांदी सुरू व्हायची. बुंध्याला बोटाएवढे काटे. खाली मुळं जमिनीत लपलेली नव्हती, ती भिंतींसारखी उभी होती. दोन मुळांमधे एक खाट सहज मावेल, आणि माणूस उभा राहिला तरी बाहेरून दिसायचा नाही. गावाचा निम्मा संसार सावरीवर चालायचा. पडलेल्या झाडांचे बुंधे कोरून होड्या करायच्या. मुळांच्या भिंतींतून एकसंध रुंद फळ्या निघायच्या, त्यांची दारं आणि बाकं व्हायची. बिया घाण्यात घालून तेल काढायचं. आणि कापूस. पाण्यात बुडत नाही म्हणून होडीवाले तो जाकिटांत भरून घ्यायचे, आणि उरलेला सगळा गादीवाल्याकडे यायचा. हा कापूस धनुकलीनं पिंजता येत नाही बरं का, तंतू निसटतात. जाळीच्या खोलीत ढीग घालायचा आणि काठीनं हलक्या हातानं झोडायचा. त्याची मजा अशी की माणूस त्यावर बसला की खड्डा पडतो आणि उठला की ढीग पुन्हा फुगून येतो. जणू कुणी बसलंच नव्हतं.

थोरलीचा आणखी एक उपयोग होता. जंगलात मोबाइल चालत नाही, अजूनही नाही. कुणी वाट चुकलं, कुणाला लागलं-खुपलं, तर त्यानं थोरलीपाशी यायचं आणि मुळाच्या भिंतीवर दगडानं नाहीतर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचं. दोन ठोके, मग थांबायचं. आवाज ढोलासारखा थेट गावात यायचा. जंगलाकडच्या घरांच्या ओट्यांवर सावरीचे पोकळ ओंडके टांगलेले असत. ज्याच्या कानावर पहिल्यांदा ठोके पडतील त्यानं ओंडका वाजवून उत्तर द्यायचं, आणि ज्यानं उत्तर दिलं त्यानंच निघायचं. एकाचं उत्तर झालं की बाकीचे पुन्हा अंथरुणाला पाठ लावत. आणि तिकडे ठोकणाऱ्यानंही उत्तर ऐकलं की हात थांबवायचा. पुन्हा ठोकलं तर लोकांना वाटायचं, आणखी कुणी दुसरा अडकलाय. अशी साधी रीत. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यानं माणसं घरी आली.

गादीवाल्याला आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा ती त्याला बरोबर घेऊनच सासरी गेली. तिचा नवरा सावरीवर चढणारा. बोंडं फुटायच्या आत वर जाऊन ती उतरवायची, हे त्याचं काम. मेहुण्याला चढायची भीती वाटते हे पाहून त्यानंच त्याला गादीकाम शिकायला घातलं. दुकान थाटून दिलं, आणि तो राहायलाही तिथेच गेला. ओट्यावरचा ओंडकासुद्धा भाऊजींनीच पोखरून टांगला होता. म्हणाले होते, “तू वर चढू नकोस. खाली राहून ऐकत जा, म्हणजे झालं.”

आता आदल्या वर्षीची गोष्ट. अशाच दिवसांत अवेळी पाऊस आला होता, चांगला दणकून. भाऊजींचा दोर झाडावर राहिला होता. तो भिजून कुजेल म्हणून ते संध्याकाळी एकटेच गेले. रात्री गादीवाल्याला ठोके ऐकू आले. पावसातून, अगदी पुसट. तो उठला, ओट्यावर आला, ओंडका वाजवला. उत्तर दिलं. मग बॅटरी घ्यायला आत गेला. बाहेर पावसानं कहर मांडलेला. म्हटलं, जरा उतार पडू दे, मग निघू. म्हणून कापसाच्या ढिगावर टेकला.

…डोळे उघडले तेव्हा फटफटलं होतं.

माणसं भाऊजींना घेऊन येत होती. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. रात्रभर रक्त आणि पाऊस, त्यातच ते गेले. पण ज्यांनी त्यांना पाहिलं ते सांगतात, मुळाच्या भिंतीला पाठ लावून नीट बसले होते. दोराची घडी करून शेजारी ठेवली होती, पिशवी मांडीवर घेतली होती. कुणी न्यायला येणार म्हणून माणूस आवरून बसतो ना, तसे.

उत्तर कुणी दिलं होतं? गावानं विचारलं. कुणीच पुढे आलं नाही. पाऊस एवढा होता की आवाज कुठल्या ओट्यावरून आला हे कुणी छातीवर हात ठेवून सांगेना. शेवटी लोकांनी आपलं समाधान करून घेतलं, की विजेचा कडकडाट असेल. ताईनं भावाला एकदाच विचारलं.

“तुला ऐकू आलं होतं का रे?”

“नाही ताई. मला झोप लागली होती.”

ती बरं म्हणाली. पुन्हा तो विषय काढला नाही. पोटासाठी त्याच्याच दुकानात बसायला लागली. कापसातल्या बिया निवडायची. रोज सकाळी यायची, ओट्यावर पोतं अंथरून बसायची, बरोबर त्या ओंडक्याखाली. हा आत काठी मारत असायचा. दिवसातून दहादा तोंड उघडायचा, आणि म्हणायचा, “ताई, चहा ठेवू?” सांगायचं असायचं दुसरंच. घशाशी यायचं आणि परत खाली जायचं. अशानं तो झुरणीला लागला. ज्याच्या उशांवर सगळं गाव झोपायचं त्याच्या डोळ्याला डोळा लागेना.

तर त्या दिवशी, वारा पडला त्या दिवशी, त्याला जंगलापलीकडच्या नाक्यावर एक गादी आणि दोन उशा पोचवायच्या होत्या. नवा पहारेकरी आला होता, बिचारा फळीवर झोपत होता. शेजारच्या शिंप्यानं खोळी शिवून द्यायला संध्याकाळ केली.

“उजेडी जायचं होतं रे,” शिंपी म्हणाला. “अंधारात तुझी फटफटी दमेकऱ्यासारखी खोकते.”

“खोकते, पण पोचते. तुझ्यासारखं नाही, आज देतो म्हणून परवा.”

“परवा दिलं तरी टाके मोजून घे. तुझ्या गाद्या विरतील, माझी शिवण नाही विरायची.”

“म्हणजे मेल्यावर नुसती खोळ उरेल म्हण की.”

शिंपी हसला. ताई ओट्यावर पोतं झटकत होती. ती हसली नाही. म्हणाली, “सांभाळून ये. माझं दार उघडं ठेवते, जेवूनच जा.”

त्यानं दुकानाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, गादी मागे बांधली आणि निघाला.

शनिवारची रात्र होती ती. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. नाक्यावर पोचला, गादी टाकून दिली, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलला. परत फिरला तेव्हा चांगलाच उशीर झाला होता. रस्ता मोकळा. गाडीच्या दिव्यात पांढऱ्या म्हाताऱ्या तेवढ्या रस्त्याच्या कडेनं पडलेल्या दिसत होत्या.

थोरलीकडे जाणारी पायवाट जिथे फुटते तिथे गाडी बंद पडली. खोकली आणि बंद पडली. त्यानं लाथ मारली, पुन्हा मारली. मग थांबला, कारण…

ठोका.

आणि एक.

मग काही नाही.

त्याला वाटलं, मन खेळतंय. वर्षभर रोजच तर खेळत होतं. तो गाडी ढकलायला लागला. चार पावलं गेला असेल नसेल.

ठोका. आणि एक.

जवळून. आणि पुसट, जसा पावसातून यावा तसा. पाऊस तर नव्हता.

गादीवाला मला म्हणाला, “काका, पळालो असतो. पाय तसेच वळले होते. पण वाटलं, एकदा नाही गेलो. आता जर खरंच कुणी असेल तर?” त्यानं गाडी कडेला लावली, मोबाइलचा दिवा लावला आणि पायवाटेला लागला.

आत शिरला तशी किड्यांची किरकीर थांबली. त्याच्या पायाखालच्या पाल्याचा तेवढा आवाज. थोरली आली. म्हणजे दिवा तिच्यावर पडला आणि तिथून पुढे दिसेना, नुसतं झाड. त्यानं हाक मारली.

“कोण आहे?”

गप्प.

“कुणी ठोकलं का?”

तो मुळांच्या भिंतींमधे शिरला. पहिल्या खणात कुणी नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्याकडे वळताना पाय पाल्याखालच्या बिळात गेला. कडकन वाजलं. तो पडला, मोबाइल हातातून उडाला, मुळावर आपटला आणि विझला.

काळोख. डोळ्यासमोर धरलेला हातही दिसेना.

घोटा गेला होता. उठायला गेला तर ब्रह्मांड आठवलं. त्यानं चाचपडून पाठ भिंतीला टेकवली. बराच वेळ नुसता श्वास घेत बसला. मग त्याला समजलं, की आता करण्यासारखं एकच आहे. हाताला दगड लागला. त्यानं तो उचलला.

दोन ठोके. मग थांबला.

दोन ठोके. थांबला.

आणि गावाकडून उत्तर आलं.

खणखणीत, स्वच्छ. वाळलेल्या सावरीचा भरदार आवाज. त्याचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांना पाणी आलं त्याच्या. कुणीतरी ऐकलं. कुणीतरी निघालं. त्यानं दगड खाली ठेवला, सदरा झटकला, चपला शोधून शेजारी नीट ठेवल्या. माणसं न्यायला येणार, तर आपण आवरून असावं.

मग तो वाट बघत बसला.

गावापासून थोरलीपर्यंत किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. तेवढा वेळ गेला. म्हटलं, बॅटरी शोधत असतील. आणखी तेवढा गेला. म्हटलं, वाटेत असतील. कान लावले. पाला वाजत नव्हता. पुन्हा ठोकावं? पण उत्तर तर मिळालं होतं. उत्तर मिळाल्यावर पुन्हा ठोकायचं नसतं. हात दगडाकडे जायचा आणि मागे यायचा.

येतील.

येत असतील.

…

केव्हातरी त्याच्या लक्षात आलं, की श्वास दोन आहेत.

एक त्याचा. दुसरा भिंतीपलीकडचा. मुळाला पाठ लावून पलीकडेही कुणीतरी बसलं होतं. त्याच्या पाठीला पाठ लावून. मधे तेवढं लाकूड.

त्यानं श्वास रोखला. दुसरा चालूच होता. सावकाश. दमलेला.

“भाऊजी…?”

…

“भाऊजी, मीच होतो तो.”

…

“उत्तर मीच दिलं होतं. म्हटलं, पाऊस जरा उतरू दे…”

पलीकडून काही नाही. मग त्याच्या पाठीमागे, बरोबर मणक्यापाशी, लाकडावर कुणीतरी एकदा ठोकलं. बोटाच्या पेरानं ठोकावं तसं. हळू.

आणि श्वास थांबला.

तो तसाच बसून राहिला. ओरडला नाही. मला म्हणाला, “काका, भीती कधीच संपली होती. लाज वाटत होती नुसती.”

मग पाला वाजला. खराखुरा, माणसाच्या पावलांचा. उजेड हलत हलत आला. ताई होती. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी. त्याला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. कंदील वर केला. त्याच्या तोंडावर धरला.

“तू इथे?”

“ताई…”

“तू इथे आहेस, तर तिकडे उत्तर कुणी दिलं?”

ती खाली बसली. त्याचा घोटा दाबून पाहिला. पदर फाडून बांधायला लागली. बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, “तुझ्या ओंडक्याचा आवाज होता तो. आमच्या घरात पोखरलाय ह्यांनी, माझ्या डोळ्यांसमोर. शंभरांत ओळखीन मी.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“मागच्या खेपेलाही तोच होता,” ती म्हणाली.

“तुला… ठाऊक होतं?”

“हे दोर आणायला गेले होते. ठोके ऐकले तेव्हा काळीज हललं माझं. निघणारच होते. तेवढ्यात तुझा ओंडका वाजला. म्हटलं, चला, धाकटा गेला. आता काळजी नाही.” तिनं गाठ मारली. “आणि मी झोपले.”

कंदिलाची वात फडफडली.

“ताई, मी गेलो नाही. कापसावर बसलो आणि…”

“हं.”

“तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.”

“हं.”

“मग तू कधीच काही बोलली का नाहीस? वर्षभर माझ्या दारात बसलीस.”

“तू सांगशील म्हणून बसले होते. त्यांनीही तुझी वाट पाहिली, मीही पाहिली.” ती उठली. काठी त्याच्या हातात दिली. “आज तो आवाज आला तेव्हा झोपले नाही मी. उत्तर आलं तरी आपण जायचं, असं तेव्हाच ठरवलं होतं. चल. माझ्या खांद्यावर भार टाक.”

तो रडत होता. ती रडली नाही. तिनं त्याला माफ केलं का, हे मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, “काका, तिनं खांदा दिला. मी तेवढंच धरलंय. जास्त विचारायचं धाडस नाही.”

गावात पोचायला उजाडलं. तिनं त्याला दुकानापाशी सोडलं आणि पाणी तापवायला आपल्या घरी गेली. त्यानं ओट्यावर बसून आधी ओंडक्याकडे पाहिलं. स्थिर होता. दाराचं कुलूप जसंच्या तसं. खिशातली किल्ली काढली, दार उघडलं, लंगडत जाळीच्या खोलीत गेला.

ढिगाला खड्डा पडलेला होता.

कुशीवर झोपलेल्या माणसाचा. डोक्याचा खळगा, खांद्याचा, दुमडलेल्या गुडघ्यांचा. सावरीचा कापूस कधी दबून राहत नाही. त्यानं काठी घेऊन तो झोडला, हातांनी उपसला, वरून नवा कापूस घातला. खड्डा तसाच राहिला. पुढे त्यानं तो ढीग होडीवाल्यांना फुकट देऊ केला, कुणी नेला नाही.

त्या सकाळी तो तिथेच उभा असताना खिडकीशी शिंपी आला. दोन घरांमधे अरुंद बोळ, आणि त्या बोळात दोघांच्या खिडक्या समोरासमोर. त्याच्या तोंडात दात घासायची काडी होती, ती त्यानं काढली आणि रागानं म्हणाला,

“अरे, उत्तर देऊन आत येऊन झोपलास काय? मी इथून किती हाका मारल्या तुला. नुसती कूस बदललीस आणि म्हणालास, पाऊस उतरू दे. कसला पाऊस? कोण होतं रे तिकडे, आलं का घरी?”